भिंत मिळण्याआधीचं काम

आज कलेची पदवी घेणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

काम चांगलं असलं की प्रदर्शन आपोआप मिळतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका. आणि वशिल्याशिवाय काही होत नाही, हेही काढून टाका. दोन्ही समजुती हातावर हात ठेवून बसायला सोयीच्या आहेत, एवढंच.

एक जुनं उदाहरण घ्या. १९४७ साली मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या कलाकारांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला आणि १९४९ साली एकत्र प्रदर्शन भरवलं. जहांगीर आर्ट गॅलरी तेव्हा उभीही राहिली नव्हती, ती १९५२ची. खासगी गॅलऱ्या जवळपास नव्हत्याच. केकू गांधींचा केमोल्ड नावाचा फ्रेमचा व्यवसाय होता, त्यांच्या दुकानाच्या काचेत या मंडळींची चित्रं लागायची. पुढे १९६३ साली त्याच गांधींनी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. म्हणजे चित्रकार आणि फ्रेमवाला बरोबरीने मोठे झाले. तुमच्या वर्गातलाही कुणी उद्या गॅलरी चालवेल, कुणी कलासमीक्षा लिहील, कुणी संग्रहालयात क्युरेटर होईल. त्यांच्याशी आज तुटक वागू नका. एकट्याला हॉल परवडत नसेल तर चौघांनी मिळून घ्या; पण चौघांच्या कामात काही नातं असू द्या. नुसती भाड्याची वाटणी भिंतीवर लगेच दिसते.

जहांगीरची तारीख मिळायला वर्षं जातात. अर्ज जरूर करा, पण तोवर ब्रश धुऊन ठेवू नका. राज्य कला प्रदर्शन आहे, १८८८ पासूनच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन आहे, ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन आहे. कोचीची बिएनाले २०१२ साली सुरू झाली, तिच्यासोबत विद्यार्थ्यांचीही बिएनाले भरते. शिवाय पुण्यातलं बालगंधर्व कलादालन, कोल्हापुरातलं शाहू स्मारक, नाशिकचं कुसुमाग्रज स्मारक. गावातल्या दालनात प्रदर्शन केलं म्हणून कुणाची किंमत कमी होत नाही.

बहुतेक ठिकाणी परीक्षक आधी तुमचं काम पाहतात ते फोटोत, आणि एकेका फोटोला फार वेळ देत नाहीत. इथे आपली मुलं हमखास मार खातात. ट्यूबलाइटखाली, तिरका धरलेला मोबाइल, कोपऱ्यात स्वतःचाच अंगठा, काचेत खिडकीचं प्रतिबिंब! चित्र फ्रेम करण्याआधी, सकाळी सावलीतल्या उजेडात, सरळ समोरून फोटो काढा. फाइलला तुमचं नाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, इंचातलं माप आणि वर्ष द्या. हेच पाठीमागे कॅनव्हासवरही लिहून ठेवा. आणि अर्जासोबतचं आपल्या कामाविषयीचं निवेदन आधी मराठीत लिहा. 'मानवी अस्तित्वाचा शोध' वगैरे नको. काय रंगवता आणि ते का सुटत नाही, एवढं आठ-दहा ओळींत सांगा.

हल्ली व्हॉट्सॲपवर रोज एक 'राष्ट्रीय' प्रदर्शन भरतं. शुल्क भरलं की निवड, निवड झाली की प्रमाणपत्र, कधीकधी सोबत 'कलारत्न'सुद्धा. प्रवेशशुल्क नामांकित संस्थाही घेतात, त्यात गैर काही नाही. परीक्षक कोण आणि गेल्या वर्षी कोणाची कामं लागली, हे मात्र विचारा. उत्तर टाळलं तर पैसे रंगांना ठेवा.

गॅलरीत काम ठेवताना यादी करून पोचपावती घ्या. विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम गॅलरीने घेणं ही रूढ पद्धत आहे. पण तुमचे पैसे किती दिवसांत मिळणार आणि चित्र खराब झालं तर भरपाई कोण देणार, हे आधीच लेखी ठरवा. चित्र विकलं तरी, लेखी दिल्याशिवाय, त्याचा कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. कुणाच्या मागणीवरून पैसे घेऊन काढलेल्या चित्राचा हिशेब वेगळा असतो, तिथे कराराआधी विचारून घ्या. असं विचारणाऱ्याला काही जण 'व्यवहारी' म्हणून हिणवतात. त्यांना हिणवू द्या.

नोकरी धरली म्हणून कलाकार संपत नाही. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी विणकर सेवा केंद्रात वर्षानुवर्षं नोकरी केली, आणि त्याच काळात आपली चित्रभाषाही घडवली. घरचं भाडं भरणारी नोकरी घ्या, फक्त आठवड्यातले स्वतःच्या चित्रांचे तास राखून ठेवा आणि इतरांच्या प्रदर्शनांना जात जा. उद्घाटनाला नव्हे, भर दुपारी. तेव्हा चित्रकार एकटा बसलेला असतो आणि मोकळेपणाने बोलतो.

पालकांना एक विनंती. मुलांनी पहिली दोन वर्षं काही विकलं नाही, तर शेजारच्या इंजिनियरचा दाखला देऊ नका. आणि मुलांनो, तुम्ही या आठवड्यात आपल्या पूर्ण झालेल्या कामांची यादी करा, त्यांचे फोटो काढा आणि एका तरी प्रदर्शनाचा अर्ज भरून पाठवा.