संजयाची दृष्टी आणि मुळशीची साक्ष

(माले, ता. मुळशी येथे विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



माले गाव ओलांडून ताम्हिणीच्या दिशेने निघाले की मुळशीचा जलाशय सोबत करू लागतो. पावसाळ्यात सहलीला येणारा प्रत्येक जण त्याचे चित्र टिपून नेतो. त्या पाण्याखाली कोणाची शेते, कोणाची देवळे, कोणाची घरे आहेत, हे मात्र त्या चित्रांत दिसत नाही. १९२१ च्या रामनवमीला, १६ एप्रिल रोजी, या मावळात शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. त्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी दिली. धरण झाले, पन्नासच्या आसपास गावांची जमीन गेली, आणि इथले पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे वळले. मुंबई उजळली, मावळाने किंमत मोजली.

या लढ्याचा लिखित इतिहास आहे. त्यातील एक अग्रणी विनायकराव भुस्कुटे यांनी तो लिहून ठेवला. परंतु चूल विझवून घर सोडणाऱ्या माउलीचा आवाज कोणी जपला? तो जपण्याचे साधन त्या काळी खेड्याच्या हाती नव्हते. आज ते प्रत्येकाच्या खिशात आहे. उणीव आहे ती ते साधन जाणतेपणाने वापरण्याच्या शिक्षणाची. म्हणूनच चित्रफीत-निर्मिती, प्रसारण आणि संवादी संकेतस्थळांची रचना यांच्या महाविद्यालयीन अभ्यासाचा विचार आपल्या घरांनी गांभीर्याने करावयास हवा.

मराठी माणसाला हा विषय परका नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके जे. जे. कलाशाळेत शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, छायाचित्रण व मुद्रणाचे काम करत शिकले आणि १९१२ मध्ये चाळिशी उलटल्यावर पुन्हा शिकण्यासाठी लंडनला गेले. परतल्यावर कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी चित्रांमागून चित्रे घेत टिपली आणि तो छोटा पट दाखवून भांडवल उभे केले. मगच १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' झाला. सरस्वतीबाईंनी घर सांभाळून फिल्मवरील प्रक्रियेचे कामही हाती घेतले. पुढे १९२५ मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश'मधून जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणला. पुण्यात ज्या भूमीवर 'प्रभात'चा स्टुडिओ होता, तेथेच १९६० मध्ये शासनाची चित्रपट-शिक्षणसंस्था उभी राहिली. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षणही दिल्लीहून तेथे आले. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' २००५ पासून १०७.४ वर ऐकू येऊ लागली. आणि आता याच तालुक्यात, लवळ्याच्या टेकडीवर, देशभरातील मुले माध्यमविद्या शिकावयास येतात. त्यांत मावळातील मुले किती, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारला पाहिजे.

या अभ्यासात नेमके काय असते? कॅमेरा चालविणे हा त्याचा लहानसा भाग. पटकथा, प्रकाश, ध्वनी, संकलन, प्रसारणाचे वेळापत्रक, कायदा आणि नीती हे सारे त्यात येते. चित्र थोडे धूसर असले तर प्रेक्षक सोसतो. शब्द ऐकू आला नाही तर उठून जातो. ताम्हिणीच्या पावसात वृद्धाचा क्षीण आवाज स्वच्छ टिपणे ही शिकूनच येणारी विद्या आहे. संवादी माध्यमाची रीत आणखी वेगळी. चित्रपट आरंभापासून अंतापर्यंत एका क्रमाने चालतो. येथे पाहणारा आपली वाट आपण निवडतो. बुडालेल्या गावांचा नकाशा समोर असावा, गावाच्या नावावर बोट ठेवताच त्या गावच्या वंशजाचे कथन, जुना कागद, देवाचे नवे ठाणे समोर यावे, अशी ही रचना. तीत कोणी, केव्हा, कोठे सांगितले याची नोंद आणि सांगणाऱ्याची संमती अनिवार्य आहे. नोंद नसलेली चित्रफीत म्हणजे नाव पुसलेले पत्र.

पालकांनी संस्था निवडताना इमारतीची चकाकी पाहू नये. विद्यार्थ्याला यंत्रावर प्रत्यक्ष किती तास मिळतात, शिकविणाऱ्यांनी स्वतः काय निर्मिले आहे, गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेले काम पाहावयास मिळेल काय, हे विचारावे. शुल्क मोठे असते आणि नोकरीची हमी कोणी देत नाही, हेही डोळसपणे जाणावे.

प्रसारमाध्यमे आपल्या समाजाचे, आपल्या श्रद्धांचे विकृत चित्र रंगवितात, ही तक्रार आपल्या बैठकांत वर्षानुवर्षे ऐकू येते. तीत तथ्य आहे. परंतु तक्रारीने चित्र बदलत नाही. चित्र काढणारे हात घडवावे लागतात. आणि ते हात घडविताना एक पथ्य पाळावे लागेल. महाभारतात संजयाला दिव्यदृष्टी लाभली. तो धृतराष्ट्राच्या पदरी होता, तरी कौरवांचा पराभव त्याने लपविला नाही. आपल्या पक्षाला अप्रिय असलेले सत्यही जो सांगू शकतो, त्याच्याच शब्दावर परका विश्वास ठेवतो. प्रचारपट काढणारे पुष्कळ मिळतील. राष्ट्राला हवा आहे तो साक्षीदार.

ज्यांनी सत्याग्रह डोळ्यांनी पाहिला, ती पिढी निघून गेली. त्यांच्या तोंडून तो ऐकलेली नातवंडे आज स्वतः वार्धक्यात आहेत. महाविद्यालयाचा प्रवेश पुढच्या वर्षीही मिळेल. ही साक्ष पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही. तेव्हा येथे बसलेल्या तरुणांनी प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी एक काम करावे. घरी जाऊन आजोबांजवळ बसावे, खिशातील यंत्र सुरू करावे, आधी गावाचे नाव, दिनांक आणि त्यांची संमती नोंदवावी. मग एकच प्रश्न विचारावा, "आपले मूळ घर कोठे होते?" आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नये. या विद्येचा पहिला पाठ तोच आहे.