मोडीत निघालेल्या भागांचे काय होते?



कामगार संघटनेच्या माणसाने व्याख्यानमालेत पेशीविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. जे शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर बसून. पण कारखान्यांत वावरल्यामुळे एक सवय लागली आहे. माल कसा तयार होतो हे सगळेच कौतुकाने दाखवतात. बिघडलेल्या मालाचे आणि झिजलेल्या भागांचे पुढे काय होते, हे विचारावे लागते. आज आपण तोच प्रश्न पेशीला विचारू.

आपल्या शरीरातील पेशीत केंद्रकाच्या भोवती पातळ पडद्यांचे एक जाळे पसरलेले असते. १९४५ साली पोर्टर, क्लॉड आणि फुलम यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पेशीचे चित्र घेतले, तेव्हा त्याची नाजूक वीण दिसली. पुढे त्याला आंतर्द्रव्यजालिका हे नाव मिळाले. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण नुसते जालिका म्हणू. ती कुठे चपट्या पिशव्यांसारखी, तर कुठे नळ्यांसारखी असते. पेशीबाहेर पाठवायची प्रथिने येथे घडतात आणि त्यांची योग्य घडी बसते. स्निग्ध द्रव्येही येथे तयार होतात. यकृतात तर औषधांचा निचरा करण्याचे पुष्कळसे काम हिच्याच पडद्यांवर चालते.

एखाद्या प्रथिनाची घडी चुकली, तर पेशी ते जालिकेतून बाहेर ओढते आणि त्याचे तुकडे करते. पण चुकलेल्या मालाची गाठच जमली तर? किंवा जालिकाच गरजेपेक्षा वाढली तर? १९७३ साली बोलेंडर आणि वायबेल यांनी याची मोजदाद केली. उंदरांना फिनोबार्बिटल हे औषध दिले की त्यांच्या यकृतातील जालिका वाढते. औषध बंद केल्यावर थोड्याच दिवसांत ती पूर्ववत झाली. आणि त्या काळात पेशीत स्वतःचेच भाग पचवणाऱ्या पिशव्या वाढलेल्या आढळल्या. अडचणीच्या वेळी उभारलेला मांडव अडचण सरताच पेशीने उतरवला होता.

या पचवणाऱ्या पिशव्यांचा शोध बेल्जियमचे क्रिस्तियाँ द दूव्ह यांचा. लयकारिका त्यांनी १९५५ साली जगापुढे मांडल्या, आणि १९६३ साली पेशीच्या या स्वभक्षणाला नावही दिले. १९७४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी पुढे साध्या यीस्टमध्ये या कामाची जनुके हुडकून काढली. त्यांना हा मान २०१६ साली लाभला.

तरीही मुख्य कोडे उरले होते. मोडायचा तुकडा कोणता, हे ठरते कसे? सगळी जालिका मोडली तर पेशीच मरेल. २०१५ साली फ्रँकफुर्टच्या इव्हान डिकिच यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक धागा पकडला. एफएएम१३४बी नावाचे एक प्रथिन जालिकेच्या पडद्यातच रुतून बसलेले असते, विशेषतः पिशव्यांच्या वळणदार कडांपाशी. ते पडद्याला बाक देते, आणि आपल्या बाहेरच्या शेपटाने स्वभक्षणाच्या नव्या आवरणाला धरते. मग तो तुकडा सुटतो, आवरणात गुंडाळला जातो आणि लयकारिकेत जिरतो. म्हणजे मोडीची खूण बाहेरून कोणी येऊन लावीत नाही. ती धरणारा हात जालिकेतच असतो. नंतर असे आणखी हात सापडले. काही नळ्यांसाठी, तर काही संकट सरल्यावरच्या आवराआवरीसाठी.

लयकारिकेत पोचलेले वाया जात नाही. सोनार जुन्या दागिन्याची मोड वितळवून नवा दागिना घडवतो, तशी पेशी प्रथिनांची अमिनो आम्ले आणि पडद्यांची स्निग्ध द्रव्ये पुन्हा कामाला लावते.

आता कोणी म्हणेल, हे सारे सूक्ष्मदर्शकाखालचे. आम्हाला त्याचे काय? तर ऐका. याच एफएएम१३४बीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या, तर एक दुर्मिळ आनुवंशिक आजार होतो, हे २००९ साली कळले. त्यात संवेदना नेणाऱ्या मज्जापेशी झिजतात. हातापायांना दुखणे कळत नाही. जखम होते, चिघळते, आणि कित्येकदा बोटे गमवावी लागतात. कारखान्यांत कापलेले, भाजलेले हात आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. चटका बसताच हात मागे येतो, म्हणून निम्मा तरी हात वाचतो. ज्याला चटकाच कळत नाही, त्याचे दुःख केवढे! आणि त्याचे मूळ कशात? तर आवराआवर करणारे एक प्रथिन नाही, एवढ्यात.

दुसरे उदाहरण आपल्या दाराशी आहे. डेंग्यूचा विषाणू आपली पैदास जालिकेच्या पडद्यांवर करतो. त्याच्याजवळचे एक विकर नेमके एफएएम१३४बी कापून टाकते, हे २०१७ साली दाखवण्यात आले. आपला तळ मोडीत निघू नये, अशी ही सोय.

जाता जाता एक इशारा देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. ‘पेशीसुद्धा नको ते काढून टाकते, मग कारखान्याने माणसे का काढू नयेत?’ असे कोणी म्हणाले, तर त्याला सांगा की पेशी पडदे मोडते, आणि त्यातला कण न् कण घरातच ठेवते. माणूस हा पडद्याचा तुकडा नव्हे. पेशीवरून समाजाचे कायदे काढू नयेत. आमच्या बाजूचेही नकोत. पण एवढे मात्र तिच्याकडून जरूर शिकावे, की साफसफाई आणि दुरुस्ती हे काम संपल्यावरचे काम नसते. ते थांबले की घडवणाऱ्याचेही हात थांबतात.