वादळानंतर कार्यालयातील संगणकजाळे



३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, कौले उडाली, विजेचे खांब कोसळले. अनेक गावांत वीज व दूरध्वनी पूर्ववत होण्यास आठवडे लागले. नेमक्या याच दिवसांत नुकसानीचे पंचनामे करावयाचे होते. मदत बँक खात्यात जमा व्हावयाची, तर याद्या व खाते क्रमांक तालुक्याला पोहोचणे आवश्यक. ज्याची पोफळीची बाग गेली, त्याच्या दृष्टीने कार्यालयातील बंद संगणक ही तांत्रिक बाब राहत नाही.

वीज परत आली की यंत्रे चालू करण्याची घाई होते. ती टाळली पाहिजे. थ्री-फेज वाहिनीतील न्यूट्रल तार तुटलेली किंवा सैल राहिली असेल, तर २३० व्होल्टच्या जागी ३०० हून अधिक दाब येऊ शकतो आणि वादळातून वाचलेली यंत्रे त्या एका क्षणात जळतात. म्हणून प्रथम सर्व प्लग काढावेत, वायरमनकडून दाब व अर्थिंग तपासून घ्यावे, मगच पुढचे काम. यूपीएसही बंद करावा. बाहेरची वीज नसली तरी त्यातून प्रवाह चालू असतो, हे पुष्कळदा विसरले जाते.

किनाऱ्यावर ओल वेगळी असते. वाऱ्याबरोबर आलेले पाणी खारे असते, आणि ते वाळले तरी क्षार मागे राहतो. तो हवेतील दमटपणा शोषतो व पितळी-तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढवतो. त्यामुळे 'काल चालत होते, आज बंद पडले' अशी तक्रार पंधरवड्यानंतरही येते. भिजलेले यंत्र केवळ उन्हात वाळवून चालू करू नये. ते जाणकाराकडून उघडून स्वच्छ करून घ्यावे. हार्ड डिस्क मात्र कार्यालयात कोणीही उघडू नये. दुसरी प्रत नसेल, तर गावाचे दप्तर त्या एका तबकडीत असते.

यानंतर दोष शोधणे फारसे कठीण नाही. मोडेमवरचा तांबडा दिवा बहुधा बाहेरची ऑप्टिकल फायबर तुटल्याचे सांगतो. तेव्हा आतल्या तारा उपसण्यात अर्थ नाही, सेवा पुरवठादाराला कळवावे. तो दिवा ठीक असेल, तर स्विचवरील दिवे पाहावेत. एकच दिवा विझलेला असल्यास ती तार दुसऱ्या छिद्रात लावून पाहावी. सर्व दिवे एकसारखे वेगाने लुकलुकत असतील, तर घाईत एकाच तारेची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये खोवली गेली आहेत का, हे पाहावे; अशा एका चुकीने सारे जाळे ठप्प होते. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. सर्व काही जोडलेले असूनही सरकारी संकेतस्थळ उघडत नसेल, तर संगणकावरील तारीख पाहावी. बरेच दिवस बंद राहिलेल्या जुन्या यंत्राची आतली छोटी बॅटरी संपते, तारीख मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे त्याला दाद देत नाहीत.

जाळे सुरू होईपर्यंत पंचनामा कागदावर, ठरलेल्या नमुन्यात व खाते क्रमांकासह व्हावा. नमुन्याच्या कोऱ्या प्रती पावसाळ्यापूर्वीच छापून ठेवणे शहाणपणाचे. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ याच किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. म्हणजे वर्षही लोटले नव्हते. हवामान खात्याचा इशारा येताच दप्तराची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या पक्क्या इमारतीत ठेवावी, सर्व तारा मोकळ्या कराव्यात, यंत्रे जमिनीवरून व खिडकीपासून दूर उचलून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावीत. कोणती तार कोठून कोठे जाते, याचा हाताने काढलेला नकाशा त्यांच्याजवळच ठेवावा.