पडद्यावरचा कीबोर्ड

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा माझा विषय थोडा तांत्रिक आहे. पण त्याची सुरुवात एका पालकापासून झाली, म्हणून तो आपणां सर्वांपुढे मांडीत आहे. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीचे वडील माझ्यापाशी बसून मोबाईलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत होते. बँकेचा खातेक्रमांक ही शेवटची चौकट. तिच्यावर बोट ठेवताच खालून कीबोर्ड वर आला आणि ती चौकट व तिच्याखालचे 'सादर करा' हे बटण दोन्ही झाकली गेली. त्यांनी अंदाजाने आकडे टाकले. कीबोर्ड घालविण्यासाठी मागे जाण्याचे बटण दाबले आणि तो गेला की नाही या शंकेने पुन्हा दाबले. पहिल्या वेळी कीबोर्ड गेला, दुसऱ्या वेळी सगळा अर्ज गेला. "सर, आमचं शिक्षणच कमी," असे म्हणून त्यांनी फोन खिशात ठेवला.

त्या वेळी मला त्यांना नीट समजावता आले नाही. आज सांगतो, चूक त्यांची नव्हती. ज्याने ते ॲप तयार केले त्याची होती.

पडद्यावरचा कीबोर्ड हा ॲपचा भाग नसतो. तो एक स्वतंत्र प्रोग्राम आहे. पाहुण्यासारखा येतो आणि अर्धी ओसरी अडवून बसतो. २००८ सालच्या पहिल्या अँड्रॉइड फोनला पडद्यामागून सरकून बाहेर येणाऱ्या खऱ्या कळा होत्या. अँड्रॉइडवर पडद्यावरचा कीबोर्ड आला तो २००९ मध्ये. पाहुणा येणार याची वर्दी ॲपला मिळू शकते. आयफोनमध्ये कीबोर्ड वर येण्यापूर्वीच तशी सूचना येते व तो किती उंच असेल हेही त्यात असते. तेवढी चौकट वर सरकवणे हे प्रोग्रामरचे काम. अँड्रॉइडवर मात्र अशी सरळ सूचना बरीच वर्षे नव्हती. खिडकीची उंची कमी झाली की कीबोर्ड आला असे ताडावे लागे. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून त्याची उंची थेट विचारता येते. आणि ॲप २०२४ च्या अँड्रॉइड १५ साठी म्हणून तयार केले, की ते पडद्याच्या कडेपर्यंत पसरते. तेथे 'खिडकी लहान कर' या जुन्या आज्ञेवर विसंबून भागत नाही. ती उंची विचारून जागा सोडावीच लागते.

विद्यार्थी मित्रांनो, याहून फसवी गोष्ट पुढेच आहे. आमच्या अकरावीच्या मुलांनी ग्रंथालयासाठी एक ॲप केले. कळ दाबली की पुस्तक शोधायचे, अशी त्याची रचना. संगणकावर ते उत्तम चालले. फोनवर मराठी नाव लिहिताच अडले. कारण पडद्यावरचा कीबोर्ड प्रत्येक कळेची वर्दी देईलच असे नाही. तो मजकूर देतो, आणि दिलेला मजकूर बदलतोही. 'क्षमा' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा. यंत्राच्या हिशेबी क, हलन्त, ष, म, काना अशी पाच चिन्हे. शिवाय वर सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवले तर पाचही एकदम येतात. अँड्रॉइडवरील ब्राउझरमध्ये तर कोणतीही कळ दाबा, पुष्कळदा २२९ हा एकच क्रमांक हाती येतो! म्हणून कळा मोजू नका, चौकटीतला मजकूर बदलला का ते पाहा. एवढा फरक केल्यावर त्यांचा शोध सुरळीत चालू लागला. (मुलांचे दोन रविवार त्यात गेले, माझेही.)

त्या मुलीचा अर्ज आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेच्या संगणकावरून भरला. तेथे पडद्यावर कीबोर्ड येण्याचा प्रश्नच नव्हता. आता आमची मुले नवे काही तयार केले की लॅबमधल्या सर्वांत लहान पडद्याच्या जुन्या फोनवर ते उघडतात, शेवटच्या चौकटीवर बोट ठेवतात आणि बटण दिसते का ते पाहतात. मग मराठी कीबोर्ड लावून एकदा, आणि उजवीकडून लिहिणारा उर्दू कीबोर्ड लावून पुन्हा एकदा.