सातपुड्यातील ऊब कोणाच्या हिशेबात?



विजेवर घर उबदार ठेवायला महिन्याला किती खर्च येतो, हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यात कोणी विचारला, तर ऐकणाऱ्याला तो विलायती वाटेल. एके ठिकाणी पाणी तापवून ते नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवायचे, ही थंड देशांतील रीत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांशी तिचा काय संबंध? परंतु तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे, आणि कडाक्याच्या थंडीत तेथे व डाब परिसरात गवतावरचे दव गोठते. थंडी आहे, ऊब हवी आहे, आणि तिची किंमत कोणीतरी मोजतच आहे. ती कोण मोजतो, एवढाच प्रश्न आहे.

आदिवासी घरातील चूल तीन कामे करते. ती अन्न शिजवते, उजेड देते आणि ऊब देते. शासनाने यांपैकी दोन कामांची दखल घेतली. उजेडासाठी विजेचा दिवा आला. स्वयंपाकासाठी २०१६ पासून उज्ज्वला योजनेची गॅसजोडणी आली. तिसरे काम मात्र कोणत्याही योजनेच्या हिशेबात आले नाही. गॅसची शेगडी भाकरी भाजते, पण तिच्याभोवती रात्रभर मुले झोपू शकत नाहीत. म्हणून हिवाळ्यात चूल पेटतीच राहते, धूर घरात कोंडतो, आणि सरपणाची मोळी बाईच्या डोक्यावरून उतरत नाही. ‘गॅस देऊनही या लोकांची सवय सुटत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले पाहिजे की हा सवयीचा नव्हे, गरजेचा प्रश्न आहे.

मग ही ऊब विजेने द्यावी काय? हिशेब अवघड नाही. एक किलोवॅटचा हीटर तासाला एक युनिट वीज खातो. रात्री पाच तास लावला, तर महिन्याला १५० युनिटे होतात. महाराष्ट्राच्या वीजदरात दारिद्र्यरेषेखालील घरासाठी स्वस्त दराचा जो गट ठेवला गेला, त्याची मर्यादा वर्षाला ३६० युनिटे, म्हणजे महिन्याला ३० युनिटे एवढी होती. या हीटरने महिन्याचा वाटा सहा रात्रींत आणि वर्षाचा वाटा ७२ रात्रींत संपतो. तोही घरात एक दिवा न लावता. मर्यादा ओलांडली की सवलत जाते. पुढे १०० युनिटांवर दर पुन्हा चढतो. युनिटला सरासरी दहाच रुपये धरले, तरी १५० युनिटांचे १५०० रुपये होतात. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. महिन्यात वीस दिवस काम मिळालेल्या मजुराची जवळजवळ चौथाई कमाई केवळ एका खोलीच्या उबेवर जाईल.

ही रचना कोणी दुष्टाव्याने केली असे नव्हे. गरिबाला वीज लागते ती दिव्यापुरती, या समजुतीवर ती उभी आहे. ब्रिटनमध्येही एके काळी गार घर हे ज्याच्या त्याच्या दारिद्र्याचे खाजगी दुःख मानले जाई. घर पुरेसे उबदार ठेवण्यासाठी उत्पन्नाच्या दशांशाहून अधिक खर्च ज्याला करावा लागतो तो इंधन-दरिद्री, अशी व्याख्या ब्रेंडा बोर्डमन या अभ्यासिकेने १९९१ साली मांडली. पुढे २००० साली उबदार घरांसंबंधीचा कायदाच तेथे झाला. थंडी निसर्गाची, पण थंडीत कुडकुडणे ही समाजाने बदलण्याजोगी स्थिती आहे, हे त्या देशाला मान्य करावे लागले. तोच दशांशाचा दंडक वरील मजुराला लावला, तर त्याची मर्यादा सव्वासहाशे रुपयांच्या आसपास येते. हीटरचा खर्च तिच्या दुपटीहून अधिक आहे.

यावर कोणी म्हणेल, येथील थंडी दोन-तीन महिन्यांची, तिचे एवढे काय? पण कुपोषणाने ग्रासलेल्या या जिल्ह्यात हा युक्तिवाद टिकत नाही. कमी वजनाच्या अर्भकाच्या अंगातील उष्णता लवकर निघून जाते. त्याच्यासाठी जानेवारीतील एक रात्रही मोठी असते.

शिवाय विजेच्या बाबतीत सातपुड्याचे देणे जुने आहे. सरदार सरोवरासाठी अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील ३३ गावे बुडिताखाली आली. १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्याने त्या प्रकल्पाच्या विजेतील २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा ठरला. जमीन सातपुड्याने दिली आणि वाटा राज्याच्या नावे लागला. धडगाव तालुक्यातील बिलगावच्या लोकांनी २००३ साली श्रमदानाने आणि तरुण अभियंत्यांच्या साह्याने १५ किलोवॅटचे छोटे जलविद्युत केंद्र उभे केले होते. २००६ साली तेही सरदार सरोवराच्या फुगवट्यात गेले.

परंतु बिलगावचा दाखला आणखी एक गोष्ट शिकवतो. साऱ्या गावाला उजळणारे ते १५ किलोवॅट एक-एक किलोवॅटच्या पंधरा हीटरांत संपले असते. औष्णिक केंद्रातही कोळशाच्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेच्या रूपाने बाहेर पडतो. त्या विजेची पुन्हा उष्णता करणे हा उफराटा व्यवहार आहे. कुडाच्या फटींतून आणि पत्र्याच्या छपरातून निघून जाणारी ऊब विकत घेत राहणे तर कोणालाच परवडणारे नाही. म्हणून ‘प्रत्येक घराला हीटर’ ही मागणी होऊ शकत नाही. मागणी घरापासून सुरू झाली पाहिजे.

शासकीय घरकुलाच्या आराखड्यात सातपुड्याच्या थंडीचा विचार व्हावा. छपराखाली उष्णता अडवणारा थर आणि धूर बाहेर नेणारी, पण ऊब आत ठेवणारी चूल हा घरकुलाचा भाग असावा. आश्रमशाळांत सूर्याच्या उष्णतेवर तापलेले पाणी आणि प्रत्येक मुलाला पुरेसे पांघरूण मिळावे. डोंगराळ तालुक्यांत हिवाळ्याचे तीन महिने स्वस्त विजेची मर्यादा वाढवावी, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीपुरती तरी ऊब विजेने देता येईल. आणि वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर मान्य झालेला हक्क काटक्या वेचणाऱ्या बाईला प्रत्यक्षात मिळावा. तिला चोर ठरवू नये.

कार्यकर्त्यांनी पाड्यांवर जाऊन एवढे तरी विचारावे: हिवाळ्यात सरपणासाठी रोज किती तास जातात, आणि ते कोणाचे जातात? वीजबिलावर न छापलेला हा आकडा ग्रामसभेच्या ठरावात नोंदला गेला, म्हणजे उबेचा प्रश्न प्रथमच सार्वजनिक हिशेबात येईल.