समतोल मत आणि मतपेटी

‘दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे,’ असें सांगणारा उमेदवार निवडून येऊं शकतो काय? व्यवहारी माणसें चटकन् ‘नाहीं’ असें उत्तर देतात. त्यांचा अनुभव खोटा नाहीं. परंतु तो अपुरा आहे.

प्रथम त्यांची बाजू पाहूं. आपल्या पद्धतींत निम्म्याहून अधिक मतें लागत नाहींत. इतरांहून अधिक मिळालीं कीं पुरे. २०१९ सालीं परभणी लोकसभा मतदारसंघांत पहिल्या दोन उमेदवारांत सुमारें ४२ हजार मतांचें अंतर होतें, आणि तिसऱ्याला दीड लाखाच्या घरांत मतें पडलीं होतीं. अशा तिरंगी लढतींत सर्वांना थोडथोडें पटणाऱ्या विचारापेक्षां आपलीं माणसें घट्ट बांधून ठेवणारी घोषणा अधिक उपयोगी पडते. ‘खान हवा कीं बाण हवा’ ही घोषणा ह्या जिल्ह्यानें वर्षानुवर्षें ऐकली. तींत पाणी नव्हतें, कापसाचा भाव नव्हता; तरी ती कानांत बसली.

आतां दुसरी बाजू. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं परभणीसह मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला. त्या राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण ह्यांना संयुक्त महाराष्ट्र हवा होता. पण पक्ष मोडून किंवा नेहरूंशीं वैर करून नको, अशी त्यांची भूमिका होती. तिच्यापायीं त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. १९५७ च्या निवडणुकींत पश्चिम महाराष्ट्रांत काँग्रेसचा मोठा पराभव झाला, आणि कराडला स्वतः यशवंतराव जेमतेम तरले. पुढें १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि १९६२ सालीं त्याच पक्षानें विधानसभेच्या २६४ पैकीं २१५ जागा जिंकल्या.

ह्याचें सारें श्रेय समतोलपणाला देणें अन्यायाचें होईल. संयुक्त महाराष्ट्र समितीचा लढा आणि हुतात्म्यांचें बलिदान ह्यांवांचून दिल्लीचा निर्णय फिरला नसता. पण यशवंतराव लोकांच्या मनांतून कायमचे उतरले नाहींत. कारण आपण काय सोडणार नाहीं, हें त्यांनीं प्रतिकूल वेळींही उघड सांगितलें होतें. समतोल आणि गुळमुळीत ह्यांतील भेद हाच. गुळमुळीत माणूस कोणालाच दुखवीत नाहीं. समतोल माणूस दोघांनाही थोडें दुखवितो, आणि कां तें सांगतो.

आपल्या घरचाच प्रश्न घ्या. जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यांत येतो; धरणाच्या वरच्या अंगाला नाशिक आणि अहिल्यानगर हे जिल्हे आहेत. तिकडे ‘थेंबही देणार नाहीं’ म्हणणाऱ्याला टाळ्या मिळतात, इकडे ‘थेंबही सोडणार नाहीं’ म्हणणाऱ्याला. जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यानें मात्र, खोऱ्यांतील टंचाई सर्वांनीं न्यायानें वांटून घ्यावी, असें तत्त्व घातलें आहे. तें भिंतीवर रंगवायला कोणी धजत नाहीं. पण अवर्षणाच्या सालीं कालव्यांत पाणी येतें तें त्याच्याच आधारानें.

म्हणून उमेदवार दारीं आला कीं त्याला विचारावें, ‘दुष्काळांत आपण काय मागाल, आणि काय सोडाल?’ दोन्ही अर्धांचें उत्तर देणारा भेटला, तर त्याला मत देण्याचें धैर्य आपण दाखवावें. समतोल उमेदवार जिंकतो कीं नाहीं, हें शेवटीं त्याच्यापेक्षां आपल्यावरच अधिक अवलंबून आहे.