डोक्यावरचं कापड

प्रेमकथा सांगायला किती वेळ लागतो? आपल्या हिंदी चित्रपटांना तीन तासही अपुरे पडतात. २००६ साली पॅरिसवर एक फ्रेंच चित्रपट निघाला, ‘पारी, ज तेम’. म्हणजे, पॅरिस, माझं तुझ्यावर प्रेम आहे. शहराच्या वेगवेगळ्या भागांत घडणाऱ्या अठरा छोट्या गोष्टी त्यात ओवलेल्या आहेत. त्यातली ‘के द सेन’, म्हणजे सेन नदीचा काठ, ही गोष्ट गुरिंदर चढ्ढा यांची. जेमतेम पाच-सहा मिनिटांची. आज मी बोलणार आहे ती तिच्याबद्दल.

नदीकाठी तीन पोरं बसली आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांवर शेरे मारणं हा त्यांचा उद्योग; आपल्याकडेही नाक्यानाक्यावर चालतो तोच. तिघांतला फ्रांस्वा मात्र अवघडलेला आहे. जवळच झर्का नावाची मुलगी बसली आहे, डोक्याला हिजाब. ती उठून चालायला लागते, ठेचकाळते आणि पडते. मित्र फिदीफिदी हसतात, फ्रांस्वा धावतो. हिजाब सुटलेला असतो. तो उचलून हा पठ्ठ्या तिच्या डोक्यावर नीट बसवायला बघतो. त्याला ते जमत नाही. कुठून घ्यायचं, कुठे खोचायचं, काही ठाऊक नाही. तिला हसू येतं आणि ती तो स्वतःच बांधते.

मला विचाराल तर प्रेमकथा इथेच झाली. आपल्या पडद्यावर नायक घुंघट उचलतो. इथे मुलगा कापड परत डोक्यावर ठेवतो आहे. त्याला धर्म कळत नाही, राजकारण कळत नाही. हिची वस्तू होती, पडली, हिला परत द्यायची, एवढंच त्याला कळतं. पदर खांद्यावरून घसरला की आपल्या आई-आजीचा हात नकळत कसा वर जायचा, ते आठवा. तो हात इथे दुसऱ्याचा आहे, म्हणून गंमत आहे.

मग तो विचारतो, इतके सुंदर केस झाकायचे कशाला? ती सांगते, मला कुणी भाग पाडलेलं नाही, मला यात बरं वाटतं. हा संवाद जरा पत्रक वाचून दाखवल्यासारखा होतो, हे कबूल केलं पाहिजे. पण तो कुणी लिहिला तेही पाहायला हवं.

गुरिंदर चढ्ढांचा जन्म १९६०चा, नैरोबीचा. घर पंजाबी शीख. लहानपणीच त्या लंडनच्या साउथॉलमध्ये आल्या. वडील केनियात बँकेत होते. इंग्लंडमध्ये पगडीपायी तशी नोकरी मिळेना, तेव्हा त्यांनी दुकान काढलं. त्यांचा २००२चा ‘बेंड इट लाइक बेकहॅम’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात अनुपम खेर यांनी रंगवलेला बाप नैरोबीत नावाजलेला गोलंदाज असतो आणि इंग्लंडच्या क्लबात त्याच्या पगडीची टवाळी होते. डोक्यावरच्या कापडाची काय किंमत मोजावी लागते, हे या बाईंनी घरात पाहिलं होतं. झर्काचा धर्म वेगळा, पण दुखणं ओळखीचं.

फ्रान्समध्ये तर ही दोन कापडं एकाच कायद्यात सापडली. सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हं घालायला बंदी करणारा कायदा मार्च २००४मध्ये झाला. चर्चा सगळी हिजाबची होती. पण त्याच वर्षी पॅरिसजवळच्या बोबिन्यीत तीन शीख मुलांना पगडीमुळे शाळेतून काढलं. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर-नोव्हेंबर २००५मध्ये, पॅरिसची स्थलांतरितांची उपनगरं पेटली. आणि २००६च्या मे महिन्यात कान महोत्सवात ही इवलीशी गोष्ट पडद्यावर आली.

आता याची दुसरी बाजू. सप्टेंबर २०२२मध्ये इराणात महसा अमिनी ही तरुणी हिजाब नियमाप्रमाणे नाही म्हणून पकडली गेली आणि कोठडीत असताना मरण पावली. तिथल्या बायकांनी रस्त्यावर येऊन हिजाब जाळले. त्याच वर्षी आपल्याकडे कर्नाटकातल्या मुली वर्गात हिजाब घालू द्या म्हणून कोर्टात गेल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. झर्का ‘मला’ म्हणते, त्या एका शब्दावर तिचं सगळं म्हणणं उभं आहे. तेहरानमध्ये तो शब्द काढला की तेच कापड निराळं होतं. चित्रपट या खोलात जात नाही. सहा मिनिटांत कुठे जाणार?

तो जातो मशिदीकडे. फ्रांस्वा तिच्यामागे तिथे पोचतो आणि ती बाहेर पडते ती आजोबांबरोबर. पोराचा चेहरा उतरतो. आपणही मनात म्हणतो, संपलं. पण आजोबा त्याला बरोबर चालायला बोलावतात. म्हातारबुवा इतक्या लवकर विरघळतात, हे मला पटत नाही. आमच्याकडे आधी आडनाव विचारलं असतं. पण मग आजोबा नातीचं कौतुक सांगतात, हिला पत्रकार व्हायचंय, फ्रान्सबद्दल लिहायचंय, हिच्या फ्रान्सबद्दल. पॅरिसची मोठी मशीद १९२६मध्ये खुली झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी जे वसाहतींतले मुसलमान सैनिक मेले, त्यांच्या स्मरणार्थ ती उभारलेली. चित्रपट याबद्दल चकार शब्द काढत नाही. पण हे ठाऊक असलं की आजोबांचं ते ‘हिच्या फ्रान्सबद्दल’ वेगळं ऐकू येतं.

झर्का झालेली लेला बेख्ती ही अल्जीरियन घरातली, जन्माने पॅरिसच्या उपनगरातली. २०११मध्ये तिला नव्या अभिनेत्रीसाठीचा सेझार पुरस्कार मिळाला.

शेवटी तिघं चालत जातात, आजोबा बरोबर असल्यामुळे हातात हात वगैरे काही नाही. अठराच्या अठरा गोष्टी बघायला सवड नसेल तर ही तेवढी बघा, आणि ती पडते तेव्हा फ्रांस्वाच्या बोटांकडे लक्ष ठेवा.